भीतीचा बाजार आणि बारा वर्षांचे गिऱ्हाईक

शब-ए-बरातच्या दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी कमी असते. जी मुले येतात, तीही जागरणाने पेंगत असतात. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी सातवीच्या वर्गात माझा मराठीचा तास होता. नवा धडा सुरू करण्यात अर्थ नव्हता, म्हणून मुलांना ‘कालची रात्र’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी मशिदीवरची रोषणाई, घरातला हलवा आणि अब्बांबरोबर कब्रस्तानात जाऊन पढलेली फातिहा यांबद्दल लिहिले. एका मुलाने मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या. अब्बांनी बोलावूनही तो कब्रस्तानात गेला नव्हता. कारण रात्री तिथे मातीतून हात बाहेर येतात.

मी त्याला जवळ बोलावून विचारले, “हे कुठे पाहिलेस?”

“पिक्चरमध्ये, सर.”

“कोणत्या?”

नाव त्याला सांगता येईना. “पूर्ण नाही पाहिला सर. मोबाईलवर थोडासाच आला होता. वर लिहिले होते, कमजोर दिलवाल्यांनी पाहू नये.”

“मग तू कशाला पाहिलास?”

“म्हणूनच तर पाहिला!”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना त्याचे उत्तर डोक्यातून जाईना. ज्या कब्रस्तानात त्याचे दादाजान दफन आहेत, तिथे पाऊल टाकायला हा मुलगा घाबरतो. आणि ज्या सिनेमाने त्याला घाबरवले, तो त्याने पाहिलेलाच नाही. त्याने पाहिली ती फक्त जाहिरात. तिने त्याला ‘पाहू नकोस’ असे सांगितले आणि तेवढ्यानेच तो पाहायला बसला.

ही युक्ती मोबाईलने शोधून काढलेली नाही. तिला जवळपास सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

आधी पोस्टर, मग सिनेमा

१९५०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला. आईवडील संध्याकाळी घरीच बसू लागले आणि थिएटरे ओस पडू लागली. घरात बसायला तयार नव्हती ती पंधरा-अठरा वर्षांची मुले. त्यांच्या खिशात पैसे होते, हाताशी वडिलांची मोटार होती आणि मोकळ्या मैदानात मोटारीत बसून सिनेमा पाहायची ‘ड्राइव्ह-इन’ थिएटरे होती. हे गिऱ्हाईक जेम्स निकोल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ या दोघांनी ओळखले. १९५४ मध्ये त्यांनी सुरू केलेली कंपनी पुढे ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ या नावाने ओळखली गेली.

त्यांची पद्धत उलटी होती. आधी सिनेमाचे नाव ठरायचे, मग पोस्टर तयार व्हायचे. थिएटरवाल्यांना ते पसंत पडले, की मग कथा लिहायला घेतली जायची. १९५७ चा ‘आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ’ हा याच कारखान्यातला माल. त्यातला लांडगा होणारा नायक शाळकरी मुलगाच होता.

या कंपनीचा गिऱ्हाइकाविषयीचा हिशेब प्रसिद्ध आहे. मोठा मुलगा जे पाहतो ते धाकटा हमखास पाहतो, पण धाकट्याचे मोठा पाहत नाही. मुलगे जे पाहतात ते मुलीही पाहतात, पण मुलींचे मुलगे पाहत नाहीत. म्हणून जाळे एकोणीस वर्षांच्या मुलासाठी टाका, बाकीचे आपोआप येतील. त्याला त्यांनी ‘पीटर पॅन सिंड्रोम’ असे नाव दिले होते. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सातवीतला मुलगा दहावीतल्या मुलासारखे केस कापून येतो, हे आम्ही रोज पाहतो.

त्याच काळात विल्यम कॅसल नावाचा निर्माता-दिग्दर्शक पुढे आला. १९५८ मध्ये त्याने ‘मकाब्र’ हा सिनेमा काढला. त्याच्या प्रत्येक प्रेक्षकाचा त्याने लंडनच्या लॉइड्सकडे एक हजार डॉलरचा विमा उतरवला. सिनेमा पाहताना भीतीने मृत्यू आला तर वारसाला पैसे मिळणार! काही थिएटरांच्या आवारात त्याने नर्स उभ्या केल्या आणि बाहेर शववाहिका लावल्या. पुढच्या वर्षी ‘द टिंगलर’साठी काही खुर्च्यांखाली छोटी यंत्रे बसवली. ऐन प्रसंगी ती थरथरायची आणि थिएटरात किंकाळ्या उठायच्या.

कॅसलच्या सिनेमांपेक्षा त्याच्या क्लृप्त्याच लोकांच्या जास्त लक्षात राहिल्या. याचे कारण सोपे आहे. तिकिटावर तो भीती विकतच नव्हता, तो पैज विकत होता. “आत बसून दाखव” ही ती पैज. चाळिशीतल्या माणसाला कोणाला काही दाखवायचे नसते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र साऱ्या जगाला दाखवायचे असते.

मनाईचे प्रमाणपत्र

ऑक्टोबर १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आला. पुन्हा उठलेले मुडदे माणसे खातात, अशी त्याची कथा. चित्रपटांना वयाप्रमाणे श्रेणी देण्याची पद्धत अमेरिकेत नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाली. म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा मुलांना अडवणारे काहीच नव्हते. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तो शिकागोत दुपारच्या खेळाला मुलांच्या गर्दीत बसून पाहिला. सुरुवातीला आरडाओरडा, हसणे चालले होते. मग थिएटर गप्प झाले. पलीकडच्या रांगेत नऊएक वर्षांची मुलगी न हलता रडत बसली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तिला तिथे सोडून गेलेल्या आईवडिलांना बहुधा एवढेच ठाऊक होते, की शनिवारी दुपारी मुलांचा सिनेमा असतो.

श्रेणी आल्यावर हे थांबायला हवे होते. ‘आर’ म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच यावे. प्रत्यक्षात काय झाले, याचा पुरावा तीस वर्षांनी सरकारी कागदावर आला. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी फेडरल ट्रेड कमिशनला चौकशी करायला सांगितली. हिंसक करमणूक मुलांना विकली जाते का, हा चौकशीचा विषय होता. कमिशनचा अहवाल सप्टेंबर २००० मध्ये आला. हिंसेमुळे ‘आर’ श्रेणी मिळालेले ४४ चित्रपट तपासले होते, त्यांपैकी ३५ चित्रपटांची जाहिरात सतरा वर्षांखालच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली आढळली. २८ चित्रपटांच्या बाबतीत तर कंपन्यांच्या स्वतःच्या विक्री-आराखड्यांतच तसे स्पष्ट लिहिलेले होते. मुले ज्या मालिका पाहतात त्यांत जाहिराती द्यायच्या, ती जिथे घोळक्याने जमतात तिथे पत्रके वाटायची, असा सगळा बेत होता.

म्हणजे पाटीवर ‘येऊ नका’ लिहिणारा आणि गल्लीत जाऊन ‘या’ म्हणणारा धंदा एकच होता.

रामसे आणि आमची टॉकीज

आपल्याकडे या धंद्याचे नाव म्हणजे रामसे. फतेहचंद रामसिंघानी यांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. ‘रामसिंघानी’चे ‘रामसे’ झाले ते तिथल्या गोऱ्या गिऱ्हाइकांमुळे. फाळणीनंतर हे सिंधी कुटुंब मुंबईला आले आणि सिनेमात उतरले. १९७० चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात, ते दृश्य पब्लिक डोळे विस्फारून पाहते, हे मुलांनी थिएटरात हेरले. सात भावांनी मिळून पूर्ण भयपटच काढायचे ठरवले. १९७२ मध्ये ‘दो गज ज़मीन के नीचे’ आला. त्याचे चित्रण महाबळेश्वरला झाले होते.

या नावापाशी मी उर्दूचा शिक्षक म्हणून नेहमी अडखळतो. दो गज जमीन म्हणजे कबर. उर्दू वाचणाऱ्याला हे शब्द ऐकून आठवतो तो बहादूरशहा जफर, १८६२ मध्ये मायदेशापासून दूर रंगूनला मेलेला शेवटचा मुघल बादशहा. आपल्या मातीत दो गज जागाही न मिळाल्याचे दुःख त्याच्या नावावरच्या गझलेत आहे. उर्दूत हे शब्द माणसाच्या शेवटच्या हक्काविषयीचे आहेत. पोस्टरवर ते मातीखालून काहीतरी वर येण्याची धमकी झाले. यात रामसेंच्या मनात कोणाविषयी आकस होता, असे मला म्हणायचे नाही. १९८४ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाचे नाव ‘पुराना मंदिर’ होते. देऊळ, हवेली, कब्रस्तान, जिथे जिथे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी असतात, ती प्रत्येक जागा या धंद्याच्या कामाची होती.

मी पाचवी-सहावीत असताना आमच्या तालुक्याच्या गावी रामसेंचे सिनेमे पोहोचायचे. मोठ्या शहरांतल्या मोठ्या थिएटरांपेक्षा अशीच गावे त्यांची हक्काची. सिनेमाची रिक्षा भोंगा लावून बाजारातून फिरायची. शाळेच्या भिंतीसमोर पोस्टर लागायचे, त्याच्या कोपऱ्यात गोलात ‘ए’. भारतात हा नियम अमेरिकेपेक्षा कडक आहे. ‘ए’ म्हणजे अठरा वर्षांखाली प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी नाही. पण आमच्यासाठी ते अक्षर म्हणजे आमंत्रणच होते. त्या गोलाकडे बोट दाखवून मोठी पोरे म्हणायची, “तुझ्याच्याने होणार नाही.” मी बारा वर्षांचा असताना एका दुपारी मागच्या बाकावरच्या दोघांबरोबर गेलो. दारावरच्या माणसाने तिकिटे फाडली, आमच्या तोंडाकडे पाहिलेही नाही. मध्यंतरानंतर मी बहुतेक वेळ डोळे मिटून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मात्र वर्गात छाती पुढे काढून सगळी कथा सांगितली. न पाहिलेला भाग मनाने रचला. त्या टॉकीजची जाहिरात मी फुकटात केली होती, हे कळायला मला शिक्षक व्हावे लागले.

पुढे ऑगस्ट १९९३ मध्ये रामसे ‘झी हॉरर शो’ घेऊन थेट घरात आले. मालिकेला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नसे आणि घराच्या दाराशी तिकीट फाडणाराही नसतो. २००८ मध्ये रामगोपाल वर्मा यांच्या ‘फूँक’च्या वेळी तर जाहीर झाले, की जो थिएटरात एकटा बसून हा सिनेमा पाहील त्याला पाच लाख रुपये. कॅसलच्या विम्याला त्या वर्षी बरोबर पन्नास वर्षे झाली होती. पैज तीच, फक्त डॉलरचे रुपये झाले.

दार नसलेली जाहिरात

आजचा फरक जागेचा आहे. पोस्टर चौकात असायचे. ते मुलाला दिसायचे तसे मौलवींना, मास्तरांना, अब्बांनाही दिसायचे. त्यावर कोणी तरी बोलायचे, कोणी तरी रागवायचे. १९९९ मध्ये ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने वेबसाइटवर आणि पत्रकांतून अशी हवा केली, की जंगलात गेलेले तीन विद्यार्थी खरोखरच बेपत्ता आहेत. हजारो तरुणांनी ते खरे मानले. २०२२ मध्ये ‘मेगन’ या बाहुलीच्या ट्रेलरमधला नाच अमेरिकेतल्या मुलांनी टिकटॉकवर स्वतःच नाचून पसरवला. तो प्रतिसाद पाहून रक्तपात कमी करून सिनेमा कमी वयाच्या मुलांना चालेल अशा श्रेणीत बसवला गेला. नंतर वगळलेला रक्तपात घालून वेगळी आवृत्तीही आणली. जी मुले जाहिरात पाहत होती, तीच आता जाहिरात करतात.

आपल्याकडे २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले. पाऊल चांगले आहे. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरलाही प्रमाणपत्र लागते. पण मोबाईलवर अचानक उगवणाऱ्या पंधरा सेकंदांपुढे कोणीच उभे नसते. मूल एकटे असते, रजईत असते, आणि जाहिरात त्याला कानात सांगते, कमजोर दिलवाल्यांनी पाहू नये.

भुताच्या गोष्टी मुलांना सांगूच नयेत, असे मला वाटत नाही. आमची नानी जिन्नाच्या गोष्टी सांगायची आणि आम्ही तिच्याच पदराखाली लपायचो. भीती देणारी आणि ती घालवणारी व्यक्ती एकच होती. बाजार भीती देतो आणि निघून जातो. मागे उरते ते मूल आणि त्याचे कब्रस्तान.

म्हणून बंदीची मागणी मी करत नाही. मनाई हेच ज्याचे भांडवल आहे, त्याला आणखी मनाई करून काय होणार? मी एवढेच केले, की पुढच्या आठवड्यात एक तास या जाहिरातींसाठी ठेवला. कॅसलचा विमा, पाच लाखांची पैज, पोस्टरवरचे ‘ए’ हे सगळे फळ्यावर लिहिले आणि विचारले, “हा माणूस नको म्हणतोय, मग जाहिरातीला पैसे का घालतोय?” एक मुलगी पटकन म्हणाली, “सर, नको म्हटले की आपण जातो म्हणून.” त्या तासाला मुलांनी स्वतःच्या खोट्या भयपटांची पोस्टरे केली. सर्वांत भयानक पोस्टर गणिताच्या पेपरचे होते.

तो मुलगा रात्री अजून कब्रस्तानात गेलेला नाही. ईदच्या नमाजनंतर मात्र दिवसाउजेडी अब्बांचा हात धरून गेला. सुट्टीनंतर त्याने मला आपणहून सांगितले, “दादाजानच्या कबरीवर कडुनिंबाची सावली आहे, सर. तिथे शेळ्या बसल्या होत्या.”