खाजऱ्या झाडाचं वस्त्र

नेटल म्हटलं की आपल्याकडे खाजकुइली आठवते. ती वेगळी, शेंगांची वेल. ही युरोपातली अर्टिका. अंगावर पित्त उठलं की डॉक्टर ‘अर्टिकेरिया’ म्हणतात ना, ते हिच्याच नावावरून. पानं उकळली की खाज जाते, मग त्यांचं सूप करतात. संधिवातावर हिच्या फांद्यांनी झोडपून घ्यायचीही रीत होती.

पण मंडळी, मला बोलायचंय कापडाबद्दल. ‘शेती आली आणि रानातलं गोळा करणं मागे पडलं’, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. आता डेन्मार्कमधलं लूसहॉय बघा. सुमारे २८०० वर्षांपूर्वीचं दफन, काशाचा कलश, आणि आत अस्थी गुंडाळल्यात त्या नेटलच्या तलम कापडात! युरोपात जवस तर त्याआधी हजारो वर्षं पिकत होता. लिननला तोटा नव्हता. पहिल्या महायुद्धात कापूस मिळेना म्हणून जर्मनीनं नेटलचा धागा काढला, तो नाइलाज. इथे मात्र एका धनवानासाठी केलेली ही निवड दिसते. २०१२ च्या संशोधनात धाग्यातल्या स्ट्रॉन्शियमवरून कळलं, की झाड डेन्मार्कचं नव्हेच. बहुधा आजच्या ऑस्ट्रियातलं. कलशही तिकडच्याच घडणीचा.