दादरची मॉन्टेसरी, परळचा भोंगा : बालशाळेच्या वेळापत्रकाचा इतिहास

‘मुलाला मॉन्टेसरीत घातलं’ हे वाक्य गिरगाव-दादरच्या मराठीत इतके मुरले आहे, की त्यात एका इटालियन डॉक्टरबाईंचे आडनाव दडले आहे, याचा बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. वाडीतल्या तळमजल्याच्या खोलीत भरणारा शिशुवर्गही मॉन्टेसरी आणि लाखभर फी घेणारी वातानुकूलित शाळाही मॉन्टेसरीच. आजचा थ्रेड या शब्दाविषयी आणि त्याबद्दल पालकांच्या मनात असलेल्या परस्परविरोधी भावनांविषयी.

पालकांचे अनुभव ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. एक आई म्हणते, माझे मूल तिथे फुलले. एक वडील म्हणतात, फी घेतात आणि शिकवत काहीच नाहीत, मूल नुसते ठोकळे रचून घरी येते. तिसरी आई म्हणते, शाळा उत्तम आहे, पण ती साडेअकराला सुटते. माझे काम सुटते सहाला. पहिल्या दोघांचा वाद पालकसभेत रंगतो. तिसरी आई पालकसभेला येऊ शकत नाही, म्हणून तिची तक्रार नोंदली जात नाही. गंमत अशी, की ऐतिहासिकदृष्ट्या तिचीच तक्रार सर्वांत जुनी आहे. मॉन्टेसरी शाळा जन्मालाच आली ती त्या तक्रारीतून.

६ जानेवारी १९०७. रोमच्या सॅन लोरेन्झो या कामगार वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. त्यामागे शिक्षणाची चळवळ वगैरे नव्हती. एका गृहनिर्माण संस्थेने तिथल्या मोडकळीस आलेल्या इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईवडील दिवसभर कामावर. शाळेचे वय न झालेली मुले जिन्यांत मोकाट, नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करणारी. दुरुस्तीवर वारंवार खर्च करण्यापेक्षा त्याच इमारतीत एक खोली देऊन मुले सांभाळणारी बाई नेमावी, असा मालकांचा सरळ हिशेब होता. मॉन्टेसरींनी त्या हिशेबातून एक शिक्षणपद्धती उभी केली, ही त्यांची प्रतिभा.

त्या बालगृहाचे नियम वाचण्यासारखे आहेत. शिक्षिका त्याच इमारतीत राहणार. वेगळी फी नाही. मात्र मूल स्वच्छ करून वेळेवर पाठवलेच पाहिजे आणि आईने आठवड्यातून एकदा तरी येऊन शिक्षिकेशी बोललेच पाहिजे; नाही तर मुलाचे नाव कमी होऊ शकते. पालकांकडे शाळेची सामूहिक मालकी आणि त्याच वेळी पालकांवर शिस्तीचा बडगा, असा हा दुहेरी करार होता. आणि वेळ? मॉन्टेसरींनी आपल्या ग्रंथात दिलेले हिवाळ्याचे वेळापत्रक सकाळी नऊ ते दुपारी चार असे आहे. सात तास. ही संख्या ध्यानात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

आता त्याच काळातले परळ-लालबाग पाहू. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत. १९२२च्या कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांचा ठरला. तो दहा तासांवर यायला १९३४ उजाडावे लागले. तान्हे मूल घरी ठेवून गिरणीत जाणाऱ्या आया त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत असत, ही गोष्ट त्या काळच्या सरकारी पाहण्यांत नमूद आहे. आज ती वाचताना अंगावर काटा येतो आणि पाहणी करणाऱ्यांनाही ती आईच्या अज्ञानाची खूण वाटली. मला ती वेळापत्रकाची खूण वाटते. भोंगा झाल्यापासून सुटेपर्यंत मूल झोपून राहावे, यासाठी त्या आईला परवडणारा तो एकच उपाय होता.

तीन ते सहा वयाच्या मुलांना सांभाळायचे कोणी? थोरल्या बहिणीने. आणि इथेच एक पेच आहे. १९२५ साली मुंबई महापालिकेने एफ आणि जी या वॉर्डांत, म्हणजे मुख्यतः गिरणगावाच्या पट्ट्यात, प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सुधारणा मोठीच. पण आठ वर्षांची मुलगी शाळेत गेली तर तिच्या कडेवरचे दोन वर्षांचे भावंड कुठे जाणार, याचे उत्तर त्या योजनेत नव्हते. सक्ती सहा वर्षांपुढच्यांसाठी होती. त्याखालचे मूल ही घरची बाब. डिलाईल रोड, नायगाव, वरळी आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींत एका मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. सॅन लोरेन्झोच्या इमारतीशी इतके साम्य असलेली जागा मुंबईत दुसरी नसेल. तरीही मॉन्टेसरी मुंबईत आली ती या चाळींत नव्हे.

ती आली भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. १९२३च्या सुमारास ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई म्हणजे मुंबईच्या प्रार्थना समाजी वातावरणात वाढलेल्या, १९१४च्या बी.ए., राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुखपदाचा अनुभव असलेल्या आणि त्या वेळी एका लहान मुलीच्या एकट्या आई. हा शेवटचा तपशील चरित्रांत घाईने उरकला जातो. मला तो कळीचा वाटतो. आपल्याकडच्या मॉन्टेसरी चळवळीच्या पायाशी एक नोकरी करणारी, मुलीला एकटीने वाढवणारी पालक उभी आहे.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

दादरच का? प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंगा योजनेतली हिंदू कॉलनी तेव्हा भरत होती. स्वतंत्र स्वयंपाकघर, घरातच संडास-न्हाणी, वडील फोर्टमधल्या कचेरीत, आई किंवा आजी घरी. अशा घराला मूल सांभाळणाऱ्या संस्थेची गरज नव्हती. त्याला मूल घडवणारी संस्था हवी होती आणि तीही सकाळच्या दोन-तीन तासांपुरती. सॅन लोरेन्झोचे सात तास असे आपोआप आक्रसले. कोणी कट केला नाही. फी भरणाऱ्या पालकाची गरज तेवढीच होती आणि खासगी शाळा फीच्या बाहेर फार काळ राहू शकत नाही. हिंदू कॉलनीपासून नायगावच्या चाळी चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. एवढ्याशा अंतरात एका शिक्षणपद्धतीचा अर्थ बदलला.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू : ‘शिकवत काहीच नाहीत.’ हिच्या मुळाशी खरा शैक्षणिक प्रश्न आहे आणि पालकांना हसण्यावारी नेणे मला पटत नाही. मॉन्टेसरी पद्धतीत मूल आधी हाताने शिकते. एक ते दहा सेंटिमीटर बाजूंचे दहा गुलाबी घन, दट्ट्यांचे ठोकळे, खरकागदाची अक्षरे. अक्षरावर बोट फिरवत त्याचे वळण हातात बसते. वाचन त्यानंतर येते. घरी आलेल्या मुलाच्या पाटीवर मात्र काहीच दिसत नाही. ज्या कारकुनाचे सारे आयुष्य लिहिता-वाचता येण्यावर उभे राहिले, त्याने कोरी पाटी पाहून अस्वस्थ व्हावे, यात नवल ते काय?

शिवाय मुंबईत आलेली पद्धत तंतोतंत रोमची नव्हतीच. मॉन्टेसरींचा लहान वयात कल्पित कथांना, परीकथांना विरोध होता. मुलाला आधी वास्तव कळू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. गिजुभाई आणि ताराबाईंनी नेमके उलट केले. गोष्ट, बडबडगीत, नाच, नाटुकले, मातीकाम हे त्यांच्या बालमंदिराचे प्राण. परदेशी साधने महाग, म्हणून ती स्थानिक सुताराकडून करून घेण्यावर त्यांचा भर. शास्त्रशुद्ध मॉन्टेसरीवाद्यांच्या दृष्टीने हा भ्रष्टाचार, मराठी आयांच्या दृष्टीने घरच्यासारखी शाळा. एकाच पाटीखाली दोन निराळ्या गोष्टी चालत होत्या, तेव्हा पालकांचे अनुभव निराळे असणे क्रमप्राप्तच होते. पुढे तर या नावावर कोणाचाच हक्क उरला नाही. अमेरिकेत १९६७ साली निर्णय झाला, की ‘मॉन्टेसरी’ हे सर्वसामान्य वापरातले नाव आहे, कोणा एका संस्थेचे व्यापारचिन्ह नव्हे. गिरगावच्या मराठीने हा निकाल केव्हाच देऊन ठेवला होता!

नोव्हेंबर १९३९ मध्ये स्वतः मॉन्टेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. इटली युद्धात उतरल्याने त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांच्या हाताखाली हिंदुस्थानातले शेकडो शिक्षक तयार झाले आणि शहरी मध्यमवर्गात या नावाला एक झळाळी आली. त्याआधी १९३१ साली लंडनमध्ये गांधीजींनी त्यांच्यासमोरच इच्छा व्यक्त केली होती, की हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांपुरते न राहता दरिद्री मुलांपर्यंतही पोहोचावे. हा शिष्टाचाराचा गोडवा नव्हता, नेमक्या दुखऱ्या जागेवर ठेवलेले बोट होते.

ते ताराबाईंनी मनावर घेतले. १९४५ साली त्या आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला गेल्या; सोबत अनुताई वाघ आल्या. तिथे पालक निराळे आणि नकारही निराळा. वस्तीतली मुले केंद्रात येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. आज देशभर सरकारी फलकांवर असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. वारली आईबापांची अडचण सरळ होती : मोठे मूल गुरे राखते किंवा धाकट्याला सांभाळते, ते शाळेत कसे पाठवणार? यावर पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे करता आली असती. तशी भाषणे आपल्याकडे मुबलक होतात. कोसबादने शाळेची रचना बदलली. गुरे चरतात तिथे कुरणशाळा भरवली. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊनच यावे.

१९२५च्या एफ वॉर्डातला पेच असा डहाणूच्या डोंगरात सुटला. माझ्या मते मराठी शिक्षणविचाराने जगाला दिलेली ही मोलाची भर आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. दादरमध्ये मात्र त्यांची ओळख आजही पहिल्या मॉन्टेसरीवाल्या बाई एवढीच सांगितली जाते.

गिरणगावाचे काय झाले? १९४८च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ती मर्यादा तीसवर आली. पण तोवर गिरण्यांतल्या स्त्रियाच कमी होत गेल्या होत्या. यंत्रांचे नवेपण, रात्रपाळीची बंदी, मातृत्वलाभाचा मालकांवरचा खर्च अशी कारणे अभ्यासक देतात. पाळणाघराचा हक्क आला, तेव्हा पाळण्याची आईच खात्यातून बाहेर पडत होती. मग १८ जानेवारी १९८२चा संप आणि त्यानंतरची कहाणी सर्वांना ठाऊक आहे.

दरम्यान दादर-गिरगावात पहिल्या दोन पालकांचा वाद वाढतच गेला. शाळाप्रवेशाची स्पर्धा तीव्र झाली, तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होऊ लागल्या. १९९६ मध्ये राज्याला पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशांचे नियमन करणारा कायदा करावा लागला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची छाननी करण्यास मनाई केली, पण हक्क दिला तो सहा ते चौदा वयालाच. सहाखालच्यांसाठी सरकारने ‘व्यवस्था करावी’, एवढेच. १९२५ची वयोमर्यादा पाहा, अजून तिथेच आहे.

२०१७च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची केली. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या असलेल्या कचेऱ्यांना हा नियम लागू आहे. त्या कचेऱ्यांतल्या अधिकारी स्त्रियांच्या घरी पोळ्या लाटायला लालबाग-नायगावातून ज्या बायका जातात, त्या चार घरी कामाला असतात आणि घर ही काही आस्थापना नव्हे. त्यांचे मूल सकाळी अंगणवाडीत जाते. ती दुपारी सुटली, की पुढे शेजारीण किंवा थोरली बहीण.