इंचमपल्लीची वीज आणि घाटघरचे पाणी

अहेरीहून वांगेपल्लीच्या घाटावर गेले की समोर प्राणहिता दिसते. पावसाळ्यात ही नदी पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, एवढे पाणी असून इथे वीज का होत नाही? मलाही तरुणपणी तोच पडला होता. पुढे कागद चाळत गेलो तेव्हा कळले की हा प्रश्न आपल्या आधी सरकारलाही पडला होता.

इंद्रावतीवर भोपालपट्टनम आणि संगमाच्या खाली गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन धरणे आखली गेली. दोन्हींची मिळून क्षमता सुमारे दोन हजार मेगावॉट. महाराष्ट्र, तेव्हाचा मध्य प्रदेश आणि आंध्र या तिन्ही राज्यांचा त्यात संबंध होता. बुडणार होते ते सागाचे जंगल आणि माडिया-गोंडांची गावे. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आत्राम (1977 मध्ये ते खासदार झाले होते), पानाबारसचे लाल श्यामशाह महाराज आणि बाबा आमटे यांनी 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे केले. 1984 मध्ये चंद्रपुरात आदिवासींचा प्रचंड मोर्चा निघाला. धरणे झाली नाहीत.

त्यांना विकासाचे विरोधक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण दुसरी बाजूही लपवू नये. त्याच काळात चंद्रपूरचे औष्णिक केंद्र सुरू झाले. आज त्याची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. जंगल वाचले आणि राख चंद्रपूरकरांच्या अंगणात पडली. इंचमपल्ली झाली असती तर ते केंद्र उभेच राहिले नसते, असे मात्र मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात नद्या आटतात, तेव्हा कोळसा लागलाच असता.

जलविद्युतेचा गुण वादातीत आहे. धूर नाही, इंधनाचा खर्च नाही, आणि संच काही मिनिटांत सुरू होतो. थंड पडलेला औष्णिक संच पेटवायला तासन्‌तास लागतात. संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागले की कोयनेचे 1,960 मेगावॉट कामाला येतात ते याचमुळे. (कोयनेनेही गावे बुडवली, हे साताऱ्याच्या लोकांना सांगायला नको.) सौर वीज वाढल्यापासून हा गुण आणखी मोलाचा झाला आहे. दुपारी वीज जास्त, रात्री टंचाई. ती साठवायची कुठे?

याचे उत्तर अकोले तालुक्यातल्या घाटघरला आहे. जपानी कर्जातून उभारलेला 250 मेगावॉटचा हा प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर एक तलाव, खाली शहापूरच्या बाजूला दुसरा. मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की तेच खाली सोडायचे. चढवायला जेवढी वीज खर्च होते तिच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. वरवर हा तोट्याचा व्यवहार दिसतो, पण ज्या वेळी हवी त्या वेळी वीज मिळण्याची ती किंमत आहे.

इथे एक हिशेब वहीत मांडून पाहिला. पाणी चारशे मीटरवरून पडले तर गळती न धरता एका युनिटला एक घनमीटरही लागत नाही. पंचवीस मीटरवरून पडले तर जवळजवळ पंधरा लागतात. घाटघरला उंची आहे म्हणून लहान तलाव पुरतो. गोदावरीच्या सपाट खोऱ्यात उंची नाही, म्हणून विस्तार लागतो, आणि विस्तार म्हणजे जंगल. घाटघरही अभयारण्याच्या परिसरात आहे, तेव्हा तिथे काहीच गेले नाही असे नव्हे. पण प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आमच्याकडे पंप म्हटले की सिरोंच्यासमोरचा मेडीगड्डा आठवतो. ते पंप सिंचनाचे. वीज खातात, परत देत नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरात त्या बंधाऱ्याचे खांब खचले. इंचमपल्लीचे नाव अधूनमधून पुन्हा निघते, आता नदीजोडाच्या निमित्ताने. त्या वेळी विरोध करणाऱ्यांच्या हाती हा पंधरा घनमीटरांचा हिशेब नव्हता. पुढच्या बैठकीला तो कोणीतरी घेऊन जावा.