अल्पवयीन मुलाला मानसोपचार विभागात भरती करताना

लातूरला क्लासेससाठी ठेवलेला मुलगा आठ दिवस झोपला नाही, एकटाच बडबडतो, असा निरोप येतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही मग आधी देवऋषी गाठला जातो, हे आम्ही नांदेड-लातूरला काम करताना पाहिले आहे. डॉक्टर भरती करा म्हणाले की ‘वेड्याचा शिक्का बसेल’ म्हणून घर हादरते. म्हणून कायदा माहीत हवा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाची भरती हा शेवटचा उपाय आहे. घरी राहून उपचार शक्य नाहीत, हे आधी दिसले पाहिजे. मुलाची इच्छाही विचारात घ्यावी लागते. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी, स्वतंत्रपणे तपासून भरतीची गरज मान्य करावी लागते.

अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा. अल्पवयीनासाठी तो म्हणजे कायदेशीर पालक, सहसा आई-वडील. होस्टेलचा रेक्टर किंवा क्लासचालक परस्पर सही करू शकत नाही. घाईत नेमके हेच विसरले जाते.

मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवायचे आणि प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहणार. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबत बाईच हवी. रोजमजुरीवरच्या आईला वीस दिवस दवाखान्यात बसणे परवडत नाही. तिथे वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी पाळ्या लावाव्यात.

भरतीची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाने आढावा घेणे सक्तीचे आहे. पालकाने डिस्चार्ज मागितला तर तो द्यावा लागतो. विजेचे झटके अल्पवयीनांना देता येत नाहीत; अपवादाला पालकाची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. साखळीने बांधणे तर कुणालाच नाही.

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. आपला आधार नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये. कलम २१ नुसार उपचारात जात-धर्मावरून भेदभाव करता येत नाही. तसे घडले तर लेखी तक्रार मंडळाकडे करावी. कलम २७ नुसार मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा.