हॅवर्सच्या नलिकेची कुळकथा

मांडीच्या हाडाच्या मधल्या भागाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता, नुसत्या डोळ्यांना एकसंध दिसणारे ते हाड असंख्य लहान वर्तुळांचे बनलेले आहे असे आढळते. प्रत्येक वर्तुळाची रुंदी सुमारे ०.२ मिलिमीटर असते, त्याच्या मध्यभागी एक छिद्र असते आणि त्या छिद्राभोवती हाडाचे पातळ थर, म्हणजे पटलिका, एकात एक बसवलेले असतात. हे छिद्र म्हणजे हाडाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या एका नळीचे कापले गेलेले तोंड होय. या नळीला हॅवर्सची नलिका म्हणतात. नलिका आणि तिच्या भोवतीच्या पटलिका मिळून होणाऱ्या घटकाला ऑस्टिऑन असे नाव आहे.

क्लॉप्टन हॅवर्स हा सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य होता. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने वाचलेले निबंध १६९१ मध्ये ‘ऑस्टिऑलॉजिया नोव्हा’ या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. हाडातील नळ्या पाहणारा तो पहिला नव्हे, कारण डेल्फ्टच्या ल्यूवेनहूकने दात आणि हाडे यांच्या सूक्ष्म रचनेविषयीची आपली निरीक्षणे १६७८ मध्येच त्याच सोसायटीला कळवली होती. परंतु या नळ्या कशासाठी आहेत, हा प्रश्न हॅवर्सने नेटाने लावून धरला, आणि त्याच्या कार्याचे खरे मोल तेथेच आहे. अस्थिमज्जा ही हाडाला ठिसूळ होऊ न देणारे तेल पुरवते, अशी त्या काळची समजूत होती. हे तेल घट्ट हाडात पसरावे म्हणून काही छिद्रे आडवी आणि काही उभी असतात, आणि तेच तेल सांध्यात पोहोचून तेथील ग्रंथींच्या बुळबुळीत स्रावात मिसळते व सांध्याला वंगण पुरवते, अशी संगती त्याने लावली.

ही संगती चुकीची होती. नलिकेतून तेल वाहत नाही. तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. मात्र वाळलेल्या हाडात रक्तवाहिन्या उरत नाहीत, उरते ती केवळ रिकामी नळी, आणि रिकाम्या नळीवरून तिच्यातील प्रवाह ओळखणे कोणालाही अवघडच गेले असते. मार्ग त्याने बरोबर ओळखला आणि त्या मार्गाने हाडाला काहीतरी पुरवले जाते हेही ओळखले, हे त्याच्या पदरात घालायलाच हवे.

पुढची प्रगती छेद तयार करण्याच्या कौशल्यावर अवलंबून राहिली. हाडाची चकती दगडावर घासत घासत इतकी पातळ करावी लागे की तिच्यातून प्रकाश आरपार जाईल. किंवा हाड आम्लात ठेवून त्यातील चुना काढून टाकावा लागे, म्हणजे ते मऊ होऊन कापता येई. १८३४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे पुर्किन्ये या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या डॉइच नावाच्या शिष्याने आपल्या प्रबंधात पटलिकांचे आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या बारीक काळ्या ठिपक्यांचे वर्णन केले. घासलेल्या कोरड्या छेदात हे ठिपके काळे दिसतात, कारण त्या पोकळ्यांमध्ये हवा भरलेली असते. परंतु त्या काळी त्यांत चुना साठवलेला असतो असा तर्क केला गेला. १८५० च्या सुमारास फिर्खो या जर्मन वैद्याने या पोकळ्यांत जिवंत पेशी असतात हे दाखवले. तेव्हा कोठे या रचनेचा हेतू स्पष्ट झाला: चुन्याने घट्ट झालेल्या पदार्थातून अन्नद्रव्ये झिरपू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक अस्थिपेशी केसाहूनही कितीतरी बारीक अशा वाहिन्यांच्या जाळ्याने शेजारच्या पेशींशी आणि शेवटी मधल्या नलिकेशी जोडलेली असते.

१८५३ मध्ये टोम्स आणि डी मॉर्गन या इंग्रज संशोधकांनी या कुळकथेतील बहुधा सर्वांत महत्त्वाची भर घातली. पूर्ण वर्तुळांच्या मधल्या जागेत अर्धवट तुटलेल्या पटलिका का दिसतात, याचा त्यांनी उलगडा केला. जुने हाड आतून पोखरले जाते, त्यामुळे खडबडीत कडांची पोकळी तयार होते, मग त्या पोकळीच्या भिंतीवर बाहेरून आत असे नवे थर चढत जातात आणि शेवटी मध्ये उरते ती नलिका. तुटके तुकडे म्हणजे आधीच्या पिढीतील ऑस्टिऑनचे अवशेष होत. म्हणजेच छेदात दिसणारे प्रत्येक पूर्ण वर्तुळ हे हाड एकदा मोडून पुन्हा बांधले गेल्याची नोंद असते. भाराने पडलेल्या सूक्ष्म भेगा बुजवण्याचे कामही याच क्रमाने आयुष्यभर चालू असते.

हाडांच्या टोकांवर सांध्यात जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात मात्र अशी एकही नलिका नसते. तिचा आधारपदार्थ पाणी धरून ठेवणारा आणि जेलीसारखा असल्यामुळे तिच्या पेशींना सांध्यातील द्रवातूनच अन्न झिरपून मिळते. हॅवर्सने ज्या स्रावाचा अभ्यास केला तो हाच द्रव होय. तो सांध्याच्या आतील अस्तरातून येतो. रक्तपुरवठा नसल्याने कूर्चेची झीज हाडासारखी भरून येत नाही. शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरने कूर्चेविषयीच्या १७४३ च्या निबंधात नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही असे नोंदवले होते, आणि झिजलेल्या गुडघ्यावर उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकापुढे आजही मुख्य अडचण तीच आहे.