जलसंजीवनीची पुडी

'टाळू बसली' म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या धास्तावायच्या. हगवणीत तान्ह्याच्या अंगातलं पाणी गेल्याची ती खूण. आणि उपाय काय, तर पाणी तोडा! प्यालं की पुन्हा ढाळ होतात, मग पाजायचं कशाला? हा हिशेब वरवर पटायचा, म्हणूनच जास्त घातक.

अतिसारात नुसतं पाणी आतडं नीट शोषत नाही. मीठ घालूनही फारसं साधत नाही. गोम आहे साखरेत. ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून शिरताना सोडियमला सोबत नेतं, आणि त्या जोडीमागून पाणी जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागला हे मांडलं. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. १९६८ मध्ये डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात रुग्णांना असं पाणी पाजून ते सिद्ध केलं. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी तर १९५३ मध्येच पाजत होते; त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. डॉक्टरांचा भरवसा शिरेतल्या सलाइनवर.

ते सलाइनच संपलं १९७१ मध्ये, पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला होता, रुग्ण जमिनीवर पडले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं ठरवलं. कलकत्त्यात पुड्या भरल्या, छावणीत पाणी पिंपांत कालवलं. पाजायला नर्सा कुठून आणणार? आयांनी, नातलगांनीच पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. माझ्या मते खरा शोध हा: औषध डॉक्टरच्या हातून आईच्या हाती गेलं.

पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका घरोघर जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ यांचं पाणी करायला शिकवू लागल्या. मराठीत पुडीला जलसंजीवनी म्हणू लागले. नाव शुक्राचार्यांच्या विद्येचं, पण इथे मंत्र नाही, माप आहे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुडीतली मीठ-साखर दोन्ही कमी केली. २००४ पासून जोडीला झिंक, दहा ते चौदा दिवस.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजायचं, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. लिटरची पुडी मात्र अख्खी एका लिटरातच. पेल्यात अंदाजाने चिमूटभर टाकली, की माप बिघडलंच.