विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप की डेस्कटॉप? आधी घर बघा, मग मशीन

बारावीचा निकाल लागला, कॉलेजचं ऍडमिशन झालं की घरात पुढची मागणी येते ती लॅपटॉपची. वर्गातल्या सगळ्यांकडे लॅपटॉप असतो, म्हणून मुलाला लॅपटॉपच हवा असतो. अब्बा दुकानात जाऊन किंमत विचारून येतात. कुणी ओळखीचा सांगतो, "डेस्कटॉप घ्या, स्वस्तात होईल." मग आठवडाभर घरात वाद चालतो आणि त्यात चर्चा फक्त रॅम, प्रोसेसर आणि कंपनीच्या नावाची होते. खरं तर त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. विद्यार्थी पुढची तीन-चार वर्षं कुठे राहणार? घरातली किती मुलं हे मशीन वापरणार? आणि घरात निवांत बसायला जागा कुठे आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हॉस्टेल" असेल तर फार विचार करायची गरज नाही, लॅपटॉप घ्या. हॉस्टेलची खोली बदलते, सुट्टीत सामान घरी आणावं लागतं, प्रोजेक्ट दाखवायला मशीन कॉलेजात न्यावं लागतं. तिथे डेस्कटॉप म्हणजे ओझंच.

घरी राहून शिकणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. कल्याण-मुंब्र्याहून रोज लोकलने मुंबईला जाणारा विद्यार्थी खरंच रोज लॅपटॉप सोबत नेणार आहे का? इंजिनिअरिंगची बहुतेक प्रॅक्टिकल्स कॉलेजच्या लॅबमध्ये, कॉलेजच्या मशीनवर होतात. त्याच कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलाला गाठा आणि विचारा, "आठवड्यातून किती दिवस लॅपटॉप न्यावा लागतो?" उत्तर "सेमिस्टरमधून चार-पाच वेळा" असं आलं, तर लॅपटॉपच्या हलकेपणासाठी आपण जे जास्त पैसे मोजतो ते घरातल्या कपाटातच पडून राहणार. शिवाय गर्दीच्या डब्यात पाठीवरच्या बॅगेवर दाब आला की स्क्रीनला तडा जायला वेळ लागत नाही, आणि ही मोडतोड साध्या वॉरंटीत बसत नाही.

एक मशीन, तीन मुलं

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत संगणक एकच येतो आणि शिकणारी मुलं दोन-तीन असतात. इथे एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. लॅपटॉप घेतला की तो बघता बघता मोठ्या भावाचा होतो. पासवर्ड त्याचा, बॅग त्याची, आणि तो बाहेर गेला की मशीनही बाहेर. डेस्कटॉप घराचा राहतो. सकाळी बारावीवाली बसते, दुपारी धाकटा बसतो, रात्री मोठा. प्रत्येकाच्या नावाचं वेगळं खातं विंडोजमध्ये करून दिलं की एकाची फाईल दुसऱ्याकडून उडायची भीतीही कमी होते.

त्या बारावीवालीला डेस्कटॉपचा आणखी एक उपयोग आहे. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा केंद्रावर संगणकासमोर बसून, माऊस हातात धरून द्याव्या लागतात, आणि त्या चालतात तीन-तीन तास. मोबाईलवर सराव केलेल्या मुलांचा पहिला अर्धा तास स्क्रीनची सवय होण्यातच जातो. टायपिंगचंही तसंच आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी, हिंदी किंवा इंग्रजी टायपिंगची परीक्षा मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची असते आणि क्लार्कच्या अनेक भरत्यांत हे सर्टिफिकेट मागतात. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर, नीट खुर्चीत बसून केलेला सराव त्यासाठी जास्त उपयोगी पडतो.

आता याची दुसरी बाजू. दोन खोल्यांच्या घरात डेस्कटॉप ठेवला जातो बाहेरच्या खोलीत, कारण टेबल तिथेच मावतं. टीव्ही तिथेच, पाहुणे तिथेच, रात्री अंथरुणंही तिथेच. अशा वेळी मुलीचं काय होतं ते अम्मींना विचारा. पाहुणे आले की ती उठून आत जाते. भाऊ गेम खेळत बसला की तिची पाळी पुढे ढकलली जाते. ऑनलाईन लेक्चर असेल तर मागे कुकरच्या शिट्ट्या आणि गप्पा. मशीन सगळ्यांचं असतं, पण वापर मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचा. अशा घरात मुलगी शिकणार असेल तर मी डेस्कटॉपचा सल्ला देणार नाही. लॅपटॉप आतल्या खोलीत जातो, माळ्यावर जातो, नानीच्या घरी जातो. डेस्कटॉपच परवडत असेल तर निदान तिचे तास ठरवून भिंतीवर लिहा, आणि त्या तासांत कुणीही तिला उठवायचं नाही.

जागेच्या अडचणीवर एक मधला रस्ता आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. मिनी पीसी म्हणून जाड पुस्तकाएवढा डेस्कटॉप मिळतो. तो मॉनिटरच्या मागे अडकवता येतो, मोठा डबा लागत नाही, वीजही लॅपटॉपसारखीच कमी खातो. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले असे मिनी पीसी जुन्या बाजारात भरपूर येतात. भिंतीला घडी होणारी फळी ठोकली की काम झालं. मात्र मॉनिटरऐवजी घरचा ३२ इंची टीव्ही जोडायचा विचार असेल तर आधी जोडून बघा. अशा बऱ्याच टीव्हींवर पिक्चर छान दिसतो, पण बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसतात.

वीज जाते, धूळ येते

नव्या लॅपटॉपची बॅटरी साधारण चार ते सहा तास चालते. वीज गेली तरी असाइनमेंट थांबत नाही, हा लॅपटॉपचा सगळ्यात मोठा गुण. कोकणात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडची कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती, तेव्हा कुठलीच बॅटरी पुरली नसती म्हणा. पण रोजच्या तासाभराच्या जाण्या-येण्याला लॅपटॉप पुरून उरतो. दोन-तीन वर्षांत बॅटरी उतरते, हे मात्र धरून चाला.

डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. बाजारातला ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला "यूपीएस मोड"चं बटण आहे का ते बघा. ते चालू नसेल तर वीज जाताना इन्व्हर्टर क्षणभर उशीर करतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. विजेच्या बिलाची भीती मात्र फार बाळगू नका. मॉनिटरसह साधा डेस्कटॉप १०० वॉट धरला, रोज पाच तास चालवला, तर महिन्याला १५ युनिट होतात. लॅपटॉपचे चार-पाच.

मालेगाव-भिवंडीत ज्यांच्या घराला लागून लूम आहेत त्यांच्यासाठी वेगळी सूचना. हवेतले कापसाचे बारीक तंतू पंख्यात जाऊन अडकतात आणि मशीन तापतं. डेस्कटॉपचं झाकण उघडून ब्लोअर मारणं पाच मिनिटांचं काम आहे, मुलं स्वतः करू शकतात. लॅपटॉप उघडायला कारागीर लागतो. दुरुस्तीचंही असंच. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय गेला, रॅम गेली, की मोहल्ल्यातला मेकॅनिक तेवढाच भाग बदलून देतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर खर्च ऐकून माणूस नवीनच घ्यायचा विचार करतो. पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम अनेकदा बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

कोर्स कोणता?

बीए, बीकॉम, डीएड-बीएडला ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं कुठलंही ठीकठाक मशीन पुरतं. टॅली शिकणाऱ्याला टॅलीचा एज्युकेशनल मोड मोफत वापरता येतो, पण क्रोमबुक घेऊन बसला तर टॅली त्यावर चालणार नाही. आर्किटेक्चर, सिव्हिल, ऍनिमेशनवाल्यांना १६ जीबी आणि मोठा स्क्रीन लागतो. रेव्हिट, सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतात. इथे त्याच पैशात डेस्कटॉप स्पष्टपणे पुढे आहे, कारण लॅपटॉपच्या हलक्या प्रोसेसरला १५ वॉटच्या आसपास वीज मिळते, तर डेस्कटॉपच्या साध्या प्रोसेसरला ६५ वॉट. दोघांवर नाव "आय५" असलं तरी दम सारखा नसतो. उर्दू डीटीपी शिकायचं असेल तर इनपेजही विंडोजचंच, आणि दिवसभर नस्तालीक बघायचं तर मोठा मॉनिटर डोळ्यांवर मेहेरबानी करतो.

जुनं मशीन घेताना

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे बाजारात चौथ्या, सहाव्या, सातव्या पिढीची मशीनं ढिगाने आणि स्वस्तात आली आहेत. दुकानदार नुसतं "आय५ आहे" म्हणेल. तुम्ही पूर्ण नंबर विचारा. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-१०५०० म्हणजे दहावी. "आम्ही त्यावरही विंडोज ११ टाकून देतो" असं सांगतात, आणि ते चालतंही, पण पुढच्या अपडेटची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. फक्त वाचन, लेखन आणि इंटरनेट असेल तर अशा जुन्या मशीनवर उबंटू टाकून घेणं बरं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दुकानात चार्जर काढून किमान अर्धा तास चालवून बघा, बिजागरं हलवून बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये अशा भानगडी कमी, म्हणून जुनं घ्यायचंच असेल तर डेस्कटॉपच बरा.

पैशांची सोय

दुकानात "नो कॉस्ट ईएमआय"चा बोर्ड असतो. त्यात बँक व्याज लावतेच, कंपनी किंवा दुकानदार तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून वजा करतो. कागदावर व्याजाची ओळ येते, क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, बऱ्याचदा प्रोसेसिंग फी वेगळी. ज्या घरांत व्याजाचा व्यवहार टाळतात त्यांनी नुसत्या नावावर जाऊन सही करू नये, आधी कागद वाचावा. शैक्षणिक कर्ज आधीच काढलेलं असेल तर कोर्ससाठी गरजेच्या संगणकाचा खर्च त्यात धरता येतो का, हे बँकेत विचारून घ्या.

डेस्कटॉपची सोय अशी की तो तुकड्या-तुकड्याने रोखीत उभा करता येतो. आधी सीपीयू आणि कुणाकडचा पडून असलेला मॉनिटर, भिशीची पाळी लागली की चांगला मॉनिटर, पुढच्या वर्षी रॅम ८ ची १६. लॅपटॉपला सगळी रक्कम एकदम मोजावी लागते. डेस्कटॉपच्या बजेटमध्ये यूपीएस, वेबकॅम, स्पीकर आणि वायफायचा डोंगल धरायला विसरू नका. लॅपटॉपमध्ये हे सगळं आतच असतं आणि "निम्म्या पैशात होईल" म्हणणारे नेमकं हेच मोजत नाहीत.

कुठलंही घ्या, लॅमिंग्टन रोडवरून घ्या की गावातल्या दुकानातून, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. बिलाचा फोटो अम्मी-अब्बांच्या मोबाईलमध्येही ठेवा. वॉरंटीला तोच लागतो, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर पोलीस चौकीत पहिला प्रश्न त्याच नंबरचा असतो.